चोरानं मागितलेली माफी

रविवारची सकाळ होती. भूमिका ओट्याशी उभी राहून पोहे परतत होती, अकरा वर्षांची हर्षा बाल्कनीतल्या उन्हात पुस्तक मांडीवर घेऊन पेंगत होती, आणि नागपूरच्या मनीषनगरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या कडेवर बसलेल्या अश्विनचं व्हॉट्सॲप सात दिवसांनी पुन्हा त्याच्या ताब्यात आलं.

"आलं!" तो आनंदानं ओरडला.

"आलं एकदाचं!" भूमिका आतून म्हणाली. "आता आधी तो पिन लावा. आणि यापुढे देवानं जरी कोड मागितला ना, तरी देऊ नका!"

अश्विन हसला. आठवडाभरात पहिल्यांदाच हसला. चोरानं आदल्या दिवशी कधीतरी आपला फोन बंद ठेवला असावा, त्यामुळे तेव्हापासून अडकून पडलेले संदेश आता एकामागून एक हातात कोसळू लागले... सोसायटीचे, कंपनीचे, जुन्या मित्रांचे... आणि त्या गर्दीत एक नाव चमकलं.

ताई.

त्याचं हसू ओठांवरच गोठलं. सहा वर्षं! सहा वर्षांत त्या नावापुढे एक अक्षर उमटलं नव्हतं. आणि आज एक नाही, दोन नाही, चार संदेश! त्यानं ते उघडले.

"अश्विन, गळ्यातली नळी काढली का? दुखते का गा खूप?"

"पैसे पोचले का तेवढं सांग. तू बोलू नको. लिहू पण नको. नुसता अंगठा दाखव."

"दोन दिवसापासून घास उतरून नाही राहिला. पण तू येऊ नको म्हणाला म्हणून येत नाही."

आणि शेवटचा, त्याच सकाळी सहा वाजताचा...

"यंत्र विकलं त्याचं मनाले लावून घेऊ नको. तू माफी मागितली, माहं सगळं मले भेटलं."

फोन हातातून निसटून गालिच्यावर पडला. भूमिका धावत आली. तिनं फोन उचलला, वाचला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"अहो... ताईंना तुम्ही कळवलं नव्हतं?"

अश्विननं मान खाली घातली. त्या एका प्रश्नाचं उत्तर गेले सात दिवस त्याच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं!

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, तो कळमेश्वरच्या कारखान्यात मीटिंगमध्ये बसला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नंबरवरून संदेश आला, "चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या फोनवर गेला आहे, जरा पाठवता का?" त्यानं एका डोळ्यानं पडद्यावरचा आलेख पाहत, दुसऱ्यानं कोड पाठवून दिला. सेक्रेटरींचाही नंबर आधीच चोरीला गेला होता हे त्याला संध्याकाळी कळलं. तोवर अश्विन ठवकर या नावानं कोणीतरी अनोळखी माणूस जगभर फिरू लागला होता! चोरानं त्याच्या व्हॉट्सॲपवर स्वतःचा पिन लावून टाकला. आता सात दिवस थांबण्यावाचून इलाज नाही, असं समजलं.

त्या संध्याकाळी नवरा-बायकोनं बसून नावांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावला. साहेबांना, सासरच्यांना, हर्षाच्या शाळेला, दूधवाल्यालाही. "माझ्या नावानं कोणी पैसे मागितले तर देऊ नका हो!" भूमिकानं मध्येच विचारलं होतं, "ताईंना?" तेव्हा तो पटकन म्हणाला होता, "तिला कोण मागणार? ती माझ्याशी बोलते तरी का! ...करीन उद्या."

तो उद्या उगवलाच नाही.

आणि बुधवारी दुपारी... हे तर त्यानं भूमिकालाही सांगितलं नव्हतं... बुधवारी दुपारी त्याच्या फोनवर ताईचा मिस्ड कॉल दिसला होता. एकच घंटी वाजून थांबलेला. तो कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिला. उलट फोन करावा? काय बोलावं? सुरुवात कुठून करावी? शेवटी 'चुकून लागला असेल' असं स्वतःला सांगत त्यानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला होता.

उलटा करून ठेवला होता!

"मी भिवापूरला जातो, ताईकडे," तो उठत म्हणाला.

"मी येऊ?"

"नको. हे माझं एकट्याचं पाप आहे."

*

उमरेडचा रस्ता मागे पळत होता आणि अश्विनच्या मनात सदतीस वर्षांचा काळ उलटा धावत होता.

तो सात वर्षांचा असताना वडील, देवाजी, विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले. आई कौसल्या त्या धक्क्यानं अंथरुणाला खिळली. आणि एकोणीस वर्षांच्या प्रेमिलानं, जिचं पवनीच्या एका मास्तराशी साक्षगंध झालेलं होतं, त्या घरचा सगळा भार मुकाट्यानं उचलला. मास्तराच्या घरून निरोप आला, "मुलगी पसंत आहे, पण तिचा भाऊ आमच्या घरी नको." ताईनं निरोप आणणाऱ्याला चहा दिला, साक्षगंधाची साडी घडी करून त्याच्याच हाती परत पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी मिरच्या वाळवून निवडतात त्या सातऱ्यावर देठं खुडायला गेली.

भिवापुरी मिरची! दिवसभर खुडून तिच्या बोटांची आग आग व्हायची. संध्याकाळी लहानगा अश्विन रडत समोर आला, तर ती त्याचे डोळे बोटांनी कधीच पुसत नसे. मनगटाच्या मागच्या बाजूनं पुसायची... त्याला झोंबू नये म्हणून! त्या बोटांनी त्याला शिकवलं, नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं. पुढे पै-पै साठवून तिनं घराच्या समोरच्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र बसवलं, आणि लोक तिला आदरानं 'कांडपवाल्या प्रेमिलाबाई' म्हणू लागले.

आणि त्यानं तिला काय दिलं?

सहा वर्षांपूर्वी या फ्लॅटची वास्तुशांती होती. हप्ते डोईजड झाले होते. भिवापूरचं घर विकावं आणि आईला इकडे आणावं, असं त्याच्या मनात होतं. ताई पंगतीत वाढता वाढता हळूच म्हणाली होती, "आई हाय तोवर ते घर राहू दे अश्विन. तिचा जीव त्या भिंतीत हाय." एवढंच! आणि तो, सासरची माणसं बसलेली, पुरोहित बसलेले, सगळ्यांच्या देखत ओरडला होता...

"तुला स्वतःचा संसार नाही, म्हणून माझा पाहवत नाही!"

ताईच्या हातातलं वाढायचं भांडं हललंसुद्धा नव्हतं. तिनं ती पंगत पूर्ण वाढली. मग कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि उमरेडच्या बसला निघून गेली. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा तो तेरा दिवस त्या घरात राहिला. रोज ठरवायचा, आज बोलू... आज पायावर डोकं ठेवू... पण जितका उशीर झाला तितका तो एक शब्द अधिक जड होत गेला. तेराव्याला तो 'येतो' म्हणून निघाला, ती 'ये' म्हणाली. त्यानंतर तेही नाही.

तरी तिनं त्याला सोडलं नव्हतं! तो हर्षाच्या वाढदिवसाचे, गणपतीचे फोटो स्टेटसला टाकायचा, आणि ते पाहणाऱ्यांच्या यादीत काही मिनिटांत एक नाव यायचं. ताई. दर वेळी. तो ते नाव पाहायचा आणि फोन बंद करायचा. तेवढ्या एका धाग्यावर तिनं सहा वर्षं काढली होती... आणि तोच धागा धरून चोर तिच्या घरात शिरला होता!

*

"अरे! काहून आला गा असा? डॉक्टरनं सोडलं तुले?"

प्रेमिला उंबऱ्यातच होती. छप्पन्न वर्षांची, किती वाळली होती! तिनं धावत येऊन दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, गळा चाचपला, मान वळवून पाहिली.

"टाके कुठं हायेत?"

अश्विन वाकून बूट काढू लागला.

"आतून केलं असन. आजकाल आतूनच करतात म्हणे," तिनंच उत्तर दिलं. "बोलू नको, बोलू नको. बस आधी. एकटा गाडी चालवत आला? भूमिका रागावन ना!"

तो आत आला. समोरच्या खोलीत जिथं कांडपाचं यंत्र होतं, तिथं आता सिमेंटच्या ओट्यात बोल्टांची चार भोकं होती आणि भोवती मिरचीची लाल धूळ.

"विश्वनाथ किती वर्षांपासून मागून राहिला होता," ती त्याची नजर टाळत म्हणाली. "म्हटलं, घेऊन जा बापा आता. अन् पोस्टातले होते ते काढले. दोन लाख दहा हजार झाले. तुह्या जिवापुढे यंत्र काय करायचं हाय मले?"

तिनं पाण्याचा गडवा आणला, मऊ भात टाकते म्हणाली, पलंगावर नवीन चादर घातली. तिच्या पायांत जणू एकोणिसाव्या वर्षाचा वेग आला होता! आणि मग त्याच्याजवळ जमिनीवर बसून, खाली बघत, लाजल्यासारखी म्हणाली,

"अश्विन, तुहं ते लिहिलेलं म्या रोज वाचून राहिली. 'ताई, मी चुकलो. मला माफ कर. तू माझी आईच आहेस.' ...मले वाटे, मी मरन अन् हे आयकाले भेटणार नाही. आता त्या दिवशीचं सगळं मिटलं. तू पण मनातून काढून टाक."

अश्विनचे डोळे भरून आले... आणि त्याच क्षणी त्याच्या मनात एक अतिशय नीच, अतिशय गोड विचार शिरला.

न सांगितलं तर?

ती माफी माझीच होती असं समजू दे की तिला! पैसे मी भरून देईन. शस्त्रक्रिया झाली होती म्हणेन. जे शब्द सहा वर्षं माझ्या घशातून निघाले नाहीत, ते कोणा नराधमानं का होईना, माझ्या नावानं लिहून ठेवले आहेत. बहीण परत मिळते आहे... फुकट मिळते आहे!

तो गप्प राहिला. पाच मिनिटं... दहा मिनिटं... ती बोलत राहिली, आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगत राहिली, आणि तो 'हं' म्हणत राहिला. त्या अर्ध्या तासाची शरम त्याला पुढं जन्मभर पुरणार होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संदेश होता.

"चष्मा आत राहिला. वाच बरं, कोणाचा हाय?" तिनं फोन त्याच्या हातात दिला.

अनोळखी नंबर होता. अश्विननं वाचलं. 'ताई, हा माझा नवा नंबर. तुझ्या खात्यात पैसे परत टाकायचे आहेत. तू आधार आणि पासबुकचा फोटो पाठवला होतास ना, त्यावरून काम झालं आहे. आता बँकेचा एक कोड तुला येईल, तो लगेच सांग. तुझा अश्विन.'

तुझा अश्विन!

आधारही गेलं होतं. पासबुकही गेलं होतं. आता उरलंसुरलं खातं, आणि तिचं नावसुद्धा! बोटाच्या एका स्पर्शानं तो संदेश पुसता आला असता. 'कंपनीचा आहे' म्हणता आलं असतं. पण तिच्या फोनवर उद्या पुन्हा तो येईल, परवा पुन्हा येईल, आणि ती त्याच प्रेमानं सगळं सांगून टाकेल. खरं सांगितल्यावाचून तिला वाचवता येणार नव्हतं.

त्यानं तो संदेश मोठ्यानं वाचून दाखवला.

प्रेमिला हसली. मग थांबली. "पण तू तर इथं बसून हायेस. मंग हा कोण अश्विन?"

"चोर आहे ताई." त्यानं फोन तिच्यापुढं धरला. "सात दिवस माझं नाव त्याच्याकडे होतं. तुझ्याशी तो बोलत होता. मी नाही."

"अन् दवाखाना?"

"नव्हता."

"गळ्याची नळी?"

"नव्हती ताई."

"म्हणजे... तुले काहीच झालं नाही?"

"काही नाही."

प्रेमिलानं डोळे मिटले आणि दोन्ही हात कपाळाशी जोडले. "देवा... बरं झालं रे देवा!"

अश्विनला धरणी दुभंगावी असं वाटलं. घर धुऊन गेलं होतं, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द तो!

मग हळूहळू तिचे हात खाली आले. तिच्या मुद्रेवर काहीतरी विझत गेलं.

"मंग ते... 'ताई, मी चुकलो'... ते कोणं लिहिलं?"

त्याची नजर हातातल्या फोनकडे गेली.

"म्हणूनच इतकं शुद्ध लिहे तो," ती स्वतःशीच पुटपुटली. "म्हटलं, भाऊ नागपूरचा साहेब झाला. पहिल्या दिवशी तुहं स्टेटस पाहिलं, 'अपघात झाला, मदत पाहिजे.' म्या लिहिलं, अश्विन, मी ताई हावो, काय झालं? लय वेळानं उत्तर आलं. मग म्याच लिहिलं, तू त्या दिवशी मले तसं बोलला, तरी माहा जीव राहत नाही. अन् लगेच आली माफी. लगेच!" ती खिन्न हसली. "दोन मिनिटात त्या चोराले समजलं, बहिणीले काय पाहिजे ते. तुले सहा वर्षं समजलं नाही."

"ताई..."

"तुले माहीत होतं, फोन चोरीले गेला?"

"मागच्या शनिवारपासून."

"सगळ्याइले सांगितलं असन."

"हो."

ती पुढचा प्रश्न विचारणार असं त्याला वाटलं. पण तिनं तो विचारला नाही. उलट त्याच्या चेहऱ्याकडे बघून, त्याला वाट करून देत, हलक्या आवाजात म्हणाली, "म्या बुधवारी एक घंटी दिली होती. मग वाटलं, डॉक्टर रागावतीन, म्हणून कापला. तुले दिसला नसन तो... कामात असशीन तू."

'हो' म्हणणं किती सोपं होतं!

"दिसला होता ताई," तो म्हणाला. "मी पाहिला, आणि फोन उलटा करून ठेवला."

अश्विन तिच्या पायांशी कोसळला. "ताई, मी चुकलो... मला माफ..."

"नको!" प्रेमिलानं पाय मागे घेतले. तिच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या होत्या. "नको बोलू! तेच शब्द हायेत ते. तेच्यातेच! आता तू काहीबी म्हटलं तरी मले त्याचंच वाटन. कोणता शब्द तुहा अन् कोणता त्याचा, हेच समजून नाही राहिलं मले!"

ती उठून मागच्या अंगणात निघून गेली.

चोरानं पैसा नेला होता, नाव नेलं होतं, आणि जाता जाता त्याचे शब्दही घेऊन गेला होता. नाही... शब्द चोरीला गेले नव्हते. त्यानंच ते सहा वर्षं बेवारस टाकून दिले होते. ज्याला सापडले त्यानं उचलले!

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि जे हातात होतं ते केलं. सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० ला, फोन लावून तक्रार नोंदवली. बँकेच्या नंबरवर तिचं खातं आणि कार्ड बंद करायला सांगितलं. मग अंगणाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"ताई, उद्या नागपूरला सायबर पोलिसांत जावं लागेल. तुझा जबाब लागतो."

"मले नाही यायचं. गेलं ते गेलं. लोक हासतीन मले."

"तुझं आधार त्याच्याकडे आहे. आता तो तुझ्या नावानं दुसऱ्या कोणाला लिहील. तुझा फोटो लावून."

तिनं मान वर केली. "माह्या नावानं? कोण्या भावाले?"

"कोणालाही."

ती तुळशीजवळून उठली. मग पदरानं तोंड पुसून, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "किती वाजता निघाचं?"

*

सोमवारी गाडीत ती मागच्या सीटवर बसली.

सायबर पोलीस ठाण्यात बाकांवर माणसंच माणसं होती. जबाब घेणाऱ्या फौजदार बाई चाळिशीच्या होत्या, थकलेल्या, पण आवाजानं मऊ. त्यांनी आधी सांगून टाकलं, "तुम्ही काल तक्रार केली म्हणून थोडी रक्कम एका खात्यात अडवता आली. बाकीची काढून घेतली गेली आहे. ती मिळेलच असं मी म्हणणार नाही." मग त्या संगणकाकडे वळल्या. "पूर्ण नाव?"

"प्रेमिला देवाजी ठवकर."

"मावशी, एवढी मोठी रक्कम पाठवण्याआधी भावाला फोन करून आवाज नाही ऐकला? घरच्या दुसऱ्या कोणाला नाही विचारलं? एवढं केलं असतं तरी तुम्ही वाचला असता."

"माहीच चूक हाय साहेब."

"आणि भावानं तुम्हाला कळवलं नव्हतं का, की नंबर चोरीला गेला म्हणून?" त्यांनी अश्विनकडे पाहिलं. शेजारच्या बाकावरच्या दोन-चार माणसांनीही पाहिलं.

प्रेमिलानं क्षणभरही विचार केला नाही.

"कळवलं होतं," ती ठामपणे म्हणाली. "शनिवारीच फोन केला होता त्यानं. मले म्हातारीले समजलं नाही. तसंच लिहा, साहेब. त्याच्यावर काही येऊ देऊ नका."

अश्विननं चमकून तिच्याकडे पाहिलं. ती समोर भिंतीकडे बघत होती, मान ताठ. काल जिनं त्याला पायाला हात लावू दिला नव्हता, तीच आज चारचौघांत त्याचा दोष आपल्या पदरात घेत होती! पवनीच्या मास्तराचा निरोप असाच तिनं चहा पाजून परत पाठवला असेल... वास्तुशांतीची पंगत अशीच शेवटपर्यंत वाढली होती... आणि तो प्रत्येक वेळी गप्प बसून ते घेत आला होता. घेतच आला होता!

फौजदार बाईंची बोटं कळफलकावर चालू लागली.

"थांबा मॅडम," अश्विन उभा राहिला. "ताई खोटं बोलून राहिली."

"अश्विन, बस खाली!" प्रेमिला कुजबुजली.

"नाही ताई. आज नाही." तो टेबलाशी गेला. "लिहा मॅडम. कोड मी दिला. नंबर चोरीला गेल्यावर मी एकूणएक माणसाला कळवलं. दूधवाल्यालासुद्धा. हिला कळवलं नाही. बायकोनं आठवण दिली तरी नाही. बुधवारी हिचा मिस्ड कॉल आला, पैसे तोवर गेले नव्हते, मी तो पाहिला, आणि उलट फोन केला नाही."

फौजदार बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"का नाही केला?"

"कारण केला असता तर माफी मागावी लागली असती." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यानं लपवलं नाही. "सहा वर्षांपूर्वी मी हिला माझ्या घरात, पाहुण्यांसमोर म्हटलं, तुला स्वतःचा संसार नाही म्हणून माझा पाहवत नाही. हिनं माझ्यासाठी ठरलेलं लग्न मोडलं होतं. मिरच्या खुडून मला इंजिनिअर केलं. तिला मी तसं म्हटलं. मग लाज वाटत राहिली, आणि लाजेपायी मी गप्प राहिलो. चोराला सात दिवस मिळाले ते माझ्या त्या गप्प बसण्यामुळे. त्यानं हिला फसवलं, पण दार मी उघडं ठेवलं होतं."

"हे... हे सगळं जबाबात घ्यायचं?"

"शब्दन्‌शब्द घ्या. माझी सही घ्या."

छापलेला कागद आला. त्यानं तो मोठ्यानं वाचला, कुठेही न अडखळता, आणि सही केली. प्रेमिलानं स्वतःचा जबाब बदलून दिला आणि तिच्या त्या ठळक, गोल अक्षरांत नाव लिहिलं. दोघं बाहेर आली.

फेब्रुवारीचं ऊन टळटळीत झालं होतं. गाडीपाशी पोहोचल्यावर अश्विननं मागचं दार उघडून धरलं. प्रेमिला आत बसली नाही.

"अश्विन."

"हं?"

"काल म्या म्हटलं होतं, कोणता शब्द तुहा अन् कोणता त्याचा, समजून नाही राहिलं." तिनं पदर खांद्यावर ओढला. "आतमधी तू जे बोलला ना... ते त्या चोराले कधीच जमलं नसतं गा."

तो भर रस्त्यात लहान मुलासारखा रडू लागला. तिनं त्याला रडू दिलं. त्याचा खांदा थोपटत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, ती तिथंच उभी राहिली.

"मनातून सगळं गेलं असं नाही म्हणत मी," काही वेळानं ती म्हणाली. "वेळ लागन. कांडपाचं कसं करायचं, तेही पाहा लागन. पण आता भूक लागली हाय. भूमिकाले फोन लाव. ताई जेवाले येऊन राहिली म्हण."

अश्विननं फोन लावला, पण 'हॅलो' पलीकडे त्याच्या तोंडून काही निघेना. तेव्हा प्रेमिलानंच तो त्याच्या हातून घेतला, कानाशी धरला, आणि पुढचं दार उघडून बसता बसता म्हणाली,

"भूमिका, मी बोलून राहिली वं... ताई."